पातळ तळाचे बूट आणि यात्रेची तयारी



दिवाळी झाली की आपल्या मंडळात शिखरजीच्या यात्रेची गडबड सुरू होते. रेल्वेची तिकिटं कुणी काढायची, मधुबनात खोल्या किती लागतील, लसूण नसलेली शेंगाचटणी कुणाकडे, खाकरे कुणाकडे, अभिषेकाचे सोवळ्याचे कपडे किती जोड न्यायचे, अशा याद्या होतात. वहीची चार पानं भरतात. त्या चार पानांत पायांचं नाव मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. वंदना तर पायांनीच करायची असते. वर जायला सुमारे ९ किलोमीटर, वर टोंकांची वंदना ९ किलोमीटर आणि उतरायला पुन्हा ९, म्हणजे २७ किलोमीटर, तेही आपल्यापैकी बहुतेक जणी अनवाणी. वर्षभर मऊ चपलेत राहिलेले पाय एका रात्रीत पारसनाथच्या डोंगराला तयार होतील असं आपण धरून चालतो.

या वर्षी मी माझ्या पायांसाठी एक वेगळी गोष्ट करून पाहिली. तिच्याबद्दल माझं मत बनलं आहे, ते आज सांगते. पळण्यासाठी जे अगदी पातळ तळाचे बूट मिळतात, ज्यांना दुकानात मिनिमलिस्ट किंवा बेअरफूट शूज म्हणतात, ते मी श्रावणात घेतले. तीन महिने वापरले. गेली तीन वर्षं मी सांगलीच्या आमराईत सकाळी हळूहळू पळते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना माहीत आहे. काही जणी मला पाहून गालातल्या गालात हसतात तेही मला माहीत आहे!

माझं मत थोडक्यात असं: हे बूट चांगले आहेत, पण संथपणे वापरणाऱ्या बाईलाच ते चांगले आहेत. त्यांच्याविषयी जे दावे केले जातात ते अर्धे खरे आहेत. आणि त्यांच्यावरून आपल्या धर्माची जी जाहिरात सध्या फोनवर फिरते आहे, ती आपण पुढे पाठवू नये.

हे बूट असतात तरी कसे

नेहमीच्या पळण्याच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते आणि टाचेखाली गादीसारखा जाड फोम असतो. पातळ बुटात हा फरक ० ते ४ मिलिमीटर असतो, फोम जवळजवळ नसतो, आणि पुढचा भाग रुंद असतो म्हणजे बोटं पसरू शकतात. २०१५ साली तज्ज्ञांच्या एका गटाने अशा बुटांची मोजपट्टीच ठरवली. त्यात पाच गोष्टी पाहतात: वजन, तळाची जाडी, टाच आणि चवड्यातला फरक, बूट किती वाकतो, आणि पाऊल आवळून धरणाऱ्या खास योजना किती आहेत. घरी पाहायचं असेल तर सोपं आहे. बूट पोळीसारखा गुंडाळता आला पाहिजे आणि ओला पंचा पिळावा तसा पिळता आला पाहिजे.

माझ्या बुटाचा तळ ६ मिलिमीटरचा आहे. किंमत २,८०० रुपये. जाऊबाईंनी हातात घेऊन उलटेपालटे केले आणि म्हणाल्या, "अगं, चपलेहून पातळ नि पैशाला जड!" त्यांचं चुकीचं नाही. माल कमी आणि दाम जास्त, हे या धंद्यातलं एक गौडबंगालच आहे. मिनिमलिस्ट हा शब्द ऐकून कुणाला अपरिग्रह आठवत असेल तर तसं काही समजू नका. बूट बदलण्याच्या काळात जुने आणि नवे असे दोन जोड वापरावे लागतात, म्हणजे परिग्रह एका जोडाने वाढतोच.

तरीही मी म्हणेन की हा खर्च करण्यासारखा आहे. मुलाच्या क्रिकेटच्या बुटाला आपण पाच हजार मोजतो, अहोंच्या ऑफिसच्या बुटाला चार हजार मोजतो, आणि स्वतःसाठी रस्त्यावरच्या अडीचशेच्या चपलेत समाधान मानतो. ती चपलही टाचेला झिजून तिरकी होईपर्यंत सोडत नाही. या काटकसरीचं आपल्याला कौतुक वाटतं. पण पन्नाशीनंतर गुडघ्याच्या आणि टाचेच्या दुखण्यावर जो खर्च होतो, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

पायात घातल्यावर

पहिल्या दिवशी घरात घालून चालले, तेव्हा फरशीच्या फटी कळल्या. गच्चीवर गेले तर वाळत घातलेल्या सांडग्यांतला खाली पडलेला एक सांडगा पायाखाली कळला. जाड बुटात आपण जमिनीवर नसतोच, फोमवर असतो. इथे जमीन परत भेटते.

पळताना मोठा फरक पडतो. जाड बुटात टाच धाडकन आपटली तरी चालून जातं. पातळ बुटात टाच आपटली की थेट डोक्यापर्यंत कळ जाते, म्हणून शरीर आपोआप शहाणं होतं. पावलं लहान पडतात, जास्त पडतात, पाऊल शरीराच्या खालीच टेकतं, आवाज कमी होतो. कुणी शिकवावं लागत नाही. मात्र याची किंमत पोटरी मोजते. जो भार आधी गुडघा घेत होता, त्यातला बराचसा आता पोटरी आणि टाचेमागचा जाड कंडरा घेतो. भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं समजतं.

मी जे केलं त्याचा क्रम देते, कारण पुष्कळ जणी विचारतात. पहिले दोन आठवडे फक्त घरात आणि गच्चीवर, रोज वीस मिनिटं चालणं. पाऊस होता, ते सोयीचंच झालं. दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत पळणं बंद, मंदिरात जाणं-येणं तेवढं अनवाणी. त्यानंतर आमराईत चालणं, २ किलोमीटरपर्यंत. आश्विनात पहिल्यांदा पळाले: एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं, असं पाच वेळा. आठवड्यात तीनच दिवस आणि मध्ये एक दिवस सोडून. बाकीच्या दिवशी जुने जाड बूट. आज कार्तिकात मी या बुटांत सलग २ किलोमीटर पळते. जुन्या बुटांत ५ पळते. घाई नाही. पोटरी आखडली की त्या दिवशी सुट्टी.

सोबत घरातले तीन व्यायाम. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एका पायावर, मग दुसऱ्या. आणि खुर्चीत बसून पायाच्या बोटांनी जमिनीवरचा पंचा आपल्याकडे ओढायचा. शेवटचा व्यायाम सोपा वाटतो, करून पाहा. माझी करंगळी पहिले आठ दिवस हललीच नाही.

विज्ञान काय म्हणतं आणि काय म्हणत नाही

आपल्या पावलात २६ हाडं आहेत आणि ३३ सांधे. एवढी यंत्रणा गादीवर झोपवून ठेवण्यासाठी नसावी, असं वाटणं साहजिक आहे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातले डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. जन्मभर अनवाणी पळणारी माणसं बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, आणि टाचेवर उतरणाऱ्यांना जमिनीचा जो पहिला धक्का बसतो तो त्यांना फार कमी बसतो, असं त्यात दिसलं. त्याच्या आदल्या वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' हे पुस्तक आलं होतं. मेक्सिकोतल्या डोंगरदऱ्यांत राहणारे रारामुरी लोक साध्या पट्ट्यांच्या चपला घालून मैलोन्‌मैल पळतात, याची ती हकीकत होती. त्यांच्या चपलांचे तळ जुन्या टायरचे असतात. आपल्याकडे शेतमजूर टायरच्या चपला घालत, तशाच. पुस्तक खूप गाजलं आणि पातळ बुटांची लाट आली.

लाटेत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. लिबरमन यांनी धक्का मोजला होता, दुखापती मोजल्या नव्हत्या. पण दुकानदारांनी दोन्ही एकच धरलं. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीवर अमेरिकेत २०१२ साली दावा झाला, की या बुटांनी पाय बळकट होतात आणि दुखापती टळतात हे पुराव्याशिवाय सांगितलं. २०१४ साली कंपनीने चूक मान्य न करता ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. २०१३ साली केनियातल्या दासानाच लोकांचा अभ्यास आला. तेही अनवाणी वाढलेले, पण आपापल्या सोयीच्या वेगाने पळताना त्यांतले बहुतेक जण टाचेवरच उतरत होते. म्हणजे अनवाणी पळण्याची एकच एक नैसर्गिक पद्धत आहे, हेही खरं नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ अनुभवी धावपटू घेतले, त्यांतल्या साधारण निम्म्यांना १० आठवड्यांत पाच बोटांच्या बुटांवर आणलं आणि आधी-नंतर पायांचा एमआरआय केला. नव्या बुटांच्या गटात निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. ही पळायची सवय असलेली माणसं होती, आणि त्यांना १० आठवडे अपुरे पडले.

मग चांगलं काय? २०१९ साली त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरा अभ्यास केला. त्यात ८ आठवडे पातळ बुटांत नुसतं चालणाऱ्यांच्या पावलाचे स्नायू, पावलांचे खास व्यायाम करणाऱ्यांइतकेच बळकट झाले. सख्यांनो, आपल्या कामाची गोष्ट ही आहे. पळायलाच हवं असं नाही. चालणं पुरे. मंदिरात जाताना, भाजी आणायला जाताना पातळ तळाचं पादत्राण घातलं आणि हळूहळू वाढवलं, तर पाय तयार होतो.

अबेबे बिकिला हे नाव अनवाणी पळण्याच्या गप्पांत नेहमी येतं. इथिओपियाच्या या धावपटूने १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकली. ते सगळे सांगतात. १९६४ साली टोकियोत त्यानेच ती बूट घालून पुन्हा जिंकली, आणि वेळही आधीपेक्षा कमी घेतला, हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या बारामतीच्या लता करे यांनी साठी ओलांडल्यावर, पतीच्या उपचाराच्या पैशांसाठी, नऊवारीत अनवाणी शर्यत जिंकली. त्यांची गोष्ट ऐकून डोळे भरून येतात. पण आयुष्यभर कष्टांत चाललेले ते पाय होते. आपल्या स्वयंपाकघरातून उठून दुसऱ्या दिवशी तसं पळायला जाऊ नये.

महाराजांचे अनवाणी पाय

आता जे मला मनापासून खटकतं ते. फोनवर एक मजकूर फिरतो आहे: जैन मुनी हजारो वर्षं अनवाणी चालतात, आज हार्वर्डनेही मान्य केलं की अनवाणी चालणं आरोग्याला उत्तम, आपला धर्म किती वैज्ञानिक! खाली हात जोडल्याची पाच चित्रं.

आपल्या मुनी महाराजांनी आणि आर्यिका माताजींनी पादत्राण सोडलं ते गुडघे चांगले राहावेत म्हणून नाही. पायाखाली जीव चिरडू नये म्हणून, आणि जे सोडता येतं ते सोडायचं म्हणून. ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं असतं, ते त्या जिवांसाठी. विहारात मे महिन्याच्या डांबरावर त्यांच्या तळपायांना फोड येतात, भेगांतून रक्त येतं. आपण ते पाहिलेलं आहे, ते पाय धुतलेले आहेत. त्या पायांना आरोग्याच्या जाहिरातीत बसवणं म्हणजे त्यांचा त्याग लहान करणं आहे. उद्या एखाद्या अभ्यासात निघालं की अनवाणी चालल्याने सांधे झिजतात, तर काय महाराज बूट घालणार आहेत? नाही ना? मग आज दुसऱ्या अभ्यासाचा दाखला तरी कशाला हवा? श्रद्धेची गोष्ट श्रद्धेने सांगावी आणि बुटाची गोष्ट बुटाच्या हिशेबाने.

एक मात्र मी अनुभवलं. पातळ तळात खाली पाहून चालावंच लागतं. खडा टोचतो, म्हणून नजर जमिनीवर राहते, आणि नजर जमिनीवर असली की मुंग्यांची रांगही दिसते, गोगलगायही दिसते. माझ्या नजरेला कारण स्वतःच्या पायाचं आहे, जिवांचं नंतर. मुनींच्या समितीशी मी त्याची बरोबरी करणार नाही. पण सवय चांगली आहे. म्हणूनच मी पहाटे अंधारात पळत नाही, उजाडल्यावरच निघते. सूर्योदयानंतर दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं, जाईपर्यंत पाणीही न घेण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांना तर हा वेळ मोकळाच असतो. त्यात अर्धा तास चालणं बसतं. पावसाळ्यात मृगाचे किडे, गांडुळं, पैसे बाहेर पडतात तेव्हा मातीच्या वाटेवर जाऊच नये, गच्ची बरी. आणि अष्टमी-चतुर्दशीला उपवास असेल तर पळण्यालाही उपवास घालावा.

चामडं कसं ओळखायचं

आपल्या घरांत चामड्याची चप्पल येत नाही. कोल्हापुरी कितीही सुंदर, कितीही सपाट असली तरी ती चामड्याची. खेळाच्या बुटाचं मात्र आपण गृहीत धरतो की ते कापड आणि रबर असणार. तसं नसतं. काही पातळ बूट तर मुद्दाम मऊ चामड्याचे करतात, कारण ते छान वाकतं. काहींत पुढच्या टोकाला किंवा नाडीच्या पट्टीला खरखरीत मखमलीसारखं स्वेड असतं. तेही चामडंच.

युरोपात १९९४ सालच्या नियमानुसार बुटावर चित्रं छापावी लागतात. परदेशी बुटांच्या पेटीवर किंवा जिभेच्या आत ती दिसतात. सोलून पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. विणलेली जाळी म्हणजे कापड. नुसता शंकरपाळ्याचा आकार म्हणजे इतर साहित्य. वरचा भाग, आतलं अस्तर आणि तळ अशी तिन्हींची चित्रं वेगळी असतात, तिन्ही पाहावीत. दोन गोष्टी या चित्रांतून कळत नाहीत. त्या भागाचं ८० टक्के साहित्य जे असेल त्याचंच चित्र येतं, म्हणून चामड्याचा लहान तुकडा सुटू शकतो. आणि गोंदाबद्दल काहीच नसतं. काही गोंद प्राण्यांची हाडं-कातडी उकळून करतात. म्हणून मी कंपनीला ईमेल करून दोनच प्रश्न विचारले: कुठेही चामडं आहे का, आणि गोंद कशाचा? लेखी उत्तर आल्यावरच पैसे भरले. दुकानातल्या मुलाच्या "नाही हो काकू, सगळं सिंथेटिक" यावर जाऊ नका. त्याला माहीत नसतं, बिचाऱ्याचा दोष नाही.

कुणी घालू नयेत

हे मी ठळक सांगते, कारण माझं वाचून कुणी उद्याच बूट मागवेल आणि कुणाचं तरी दुखणं वाढेल.

मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांकडून तळपायाची संवेदना तपासून घ्या. बधिर पायाला खडा लागलेला कळत नाही आणि जखम चिघळते. मधुमेह असणाऱ्यांनी यात्रेतही अनवाणी जाण्याआधी हाच विचार करावा. धर्म आपल्याला पाय गमवायला सांगत नाही.

पायाला मुंग्या येत असतील तर ब जीवनसत्त्वातलं बी-१२ तपासा. ते शाकाहारी माणसाला मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं. आपल्यातल्या कित्येक जणी दूध सगळ्यांना वाटून स्वतः कोरा चहा पितात. बी-१२ फार कमी झालं की पाय बधिर होऊ शकतात, आणि तो दोष कुठल्याही बुटाने जात नाही.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होत असेल, तर ती टाचदुखी बरी होईपर्यंत पातळ तळ नको. घरातही मऊ चप्पल घाला. हल्लीच्या गुळगुळीत टाइल्सवर दिवसभर अनवाणी उभं राहणं आणि पूर्वीच्या सारवलेल्या जमिनीवर राहणं सारखं नाही. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होतात, तेव्हा त्या वयातल्या बायकांनी चालण्यापुरतंच ठेवावं, आणि पावलाच्या वरच्या बाजूला एका ठिकाणी बोट ठेवून दुखत असेल तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावं.

आता यात्रेचं

मंडळाच्या वहीत मला एक पान वाढवून हवं आहे. माघात निघायचं तर अजून सुमारे तीन महिने हातात आहेत. आठवड्यातून तीन दिवस सगळ्यांनी मिळून चालू या. पातळ बूटच हवेत असं नाही. ज्यांना घ्यायचे त्यांनी घ्यावेत, बाकीच्यांनी आहेत त्या चपलांत सुरुवात करावी आणि घरी वर सांगितलेले तीन व्यायाम करावेत. बुटाने स्नायू तयार होतात, पण तळपायाची कातडी बुटात तयार होत नाही. त्यासाठी महिन्यातून दोनदा कुंभोजच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या अनवाणी चढू-उतरू या. दर्शनही होईल. उतरताना मांड्या जास्त दुखतात, हे तिथेच कळू दे, पारसनाथवर नको.

डोलीबद्दलही बोलते, राग मानू नका. वयस्कर, आजारी माणसांसाठी डोली आहे आणि डोली वाहणाऱ्यांची पोटं त्यावर चालतात, म्हणून डोलीला मी नावं ठेवणार नाही. पण चाळिशीतली धडधाकट बाई केवळ तयारी न केल्यामुळे अर्ध्या वाटेत बसते आणि आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर, त्याच्या गुडघ्यांवर जातो, तेव्हा त्याचाही विचार व्हावा. मुंगी वाचवणाऱ्या आपण. त्या माणसाचे पायही अनेकदा साध्या चपलेतच असतात.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांना या वर्षी वंदना करायची आहे आणि जमेल तिथपर्यंत पायीच जायचं आहे. त्यांना पातळ बूट मी देणार नाही. त्या रोज संध्याकाळी माझ्याबरोबर कॉलनीच्या चार फेऱ्या मारतात, बऱ्या जाड तळाच्या बुटांत, माझा हात धरून. त्यांना कुठे थांबवायचं, कुठे डोली करायची, हे आम्ही आधीच ठरवलं आहे. त्यांच्याबरोबर सावकाश चालायचं म्हणजे माझ्या पायांत दम जास्त हवा, कारण हळू चालणंच जास्त वेळ उभं ठेवतं. माझ्या या तीन महिन्यांच्या खटाटोपाचं खरं कारण तेच आहे.

ज्यांना माझ्याबरोबर चालायला यायचं आहे त्यांनी येत्या सोमवारी सकाळी सूर्योदयानंतर आमराईच्या दारात यावं. पायात काय घालावं याची अट नाही. साडी असो, ड्रेस असो, कुणी हसलं तर आपणही हसू. मधुमेहवाल्यांनी मोजे आणि बूट घालूनच यावं, आणि सगळ्यांनी पायाची नखं कापून यावं.

जय जिनेंद्र!